ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केल्यावर लॅपटॉपचा आवाज गेला? या चुका टाळा

ग्राफिक्स ड्रायव्हर (विंडोज आणि ग्राफिक्स चिप यांना जोडणारा प्रोग्राम) अपडेट केला, लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि स्पीकरमधून काहीच ऐकू येईना. चित्राचा ड्रायव्हर बदलल्यावर आवाज कसा जाईल, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टच्या केबलमधून चित्रासोबत आवाजही जातो आणि तो पाठवण्याचं काम ग्राफिक्स चिपच करते. म्हणून एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल या तिघांच्याही ग्राफिक्स ड्रायव्हरबरोबर आवाजाचा एक वेगळा ड्रायव्हर येतो. लॅपटॉपचे स्वतःचे स्पीकर मात्र बहुतेक वेळा रिअलटेक कंपनीच्या ऑडिओ चिपवर चालतात. नवा ड्रायव्हर बसला की विंडोजला एचडीएमआयचं ऑडिओ डिव्हाइस नव्याने सापडतं आणि कधीकधी तेच डिफॉल्ट होऊन बसतं. आवाज तयार होत असतो, पण तो मॉनिटरकडे किंवा टीव्हीकडे जातो.

म्हणूनच सगळ्यात मोठी चूक म्हणजे आवाज कुठे जातोय हे न बघता ड्रायव्हर काढायला घेणं. आधी टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा. विंडोज ११ मध्ये आवाजाच्या पट्टीशेजारी आउटपुट निवडायचं बटण असतं. तिथे मॉनिटरचं नाव निवडलेलं दिसलं, तर 'स्पीकर्स' निवडा. पुष्कळ जणांचं काम इथेच होतं.

नाही झालं, तर सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग साउंड आणि तिथून 'मोअर साउंड सेटिंग्ज' उघडा. एखादं गाणं चालू ठेवून 'प्लेबॅक' टॅब पाहा. ज्या डिव्हाइसशेजारची हिरवी पट्टी हलते, आवाज तिकडे जातोय. या पाहणीला एक मिनिटसुद्धा लागत नाही आणि पुढची बरीच धावपळ वाचते. यादीत स्पीकरच नसतील, तर मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून 'शो डिसेबल्ड डिव्हायसेस'वर टिक करा. ते बंद असतील, तर तिथूनच चालू करता येतात. फक्त एकाच ॲपचा आवाज गेला असेल, तर व्हॉल्यूम मिक्सरमध्ये त्या ॲपचं आउटपुट तपासा. व्हिडिओ कॉलच्या ॲपमध्ये स्पीकरची निवड ॲपच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्येही असते.

दुसरी चूक अगदी साधी वाटते. लोक लॅपटॉप 'शट डाउन' करून चालू करतात आणि समजतात की सगळं नव्याने सुरू झालं. फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर साठवून ठेवतं आणि चालू होताना तोच परत आणतं. ड्रायव्हर बदलल्यावर 'रीस्टार्ट'च करा.

त्रास देणारं एचडीएमआयचं ऑडिओ डिव्हाइस अनइन्स्टॉल करूनही उपयोग होत नाही. पुढच्या तपासणीत विंडोज ते पुन्हा शोधून काढतं. प्लेबॅक टॅबमध्ये ते 'डिसेबल' करा. मात्र नंतर कधी टीव्ही जोडला, तर ते परत चालू केल्याशिवाय टीव्हीतून आवाज येणार नाही.

सगळ्यात महागात पडते ती रिअलटेकचा ड्रायव्हर घाईने काढून टाकण्याची चूक. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या हार्डवेअरच्या यादीत, अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरही पुसण्याचा पर्याय असतो. लोक त्यावर टिक करतात आणि हाताशी दुसरा ड्रायव्हर नसतो. मग मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' ड्रायव्हर बसतो. आवाज येतो, पण बारीक आणि पोकळ येऊ शकतो, कारण त्या स्पीकरसाठी उत्पादकाने केलेली जुळवणी गेलेली असते. अलीकडच्या अनेक इंटेल लॅपटॉपमध्ये ऑडिओचा मार्ग 'इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी'मधून जातो. तो डिव्हाइस मॅनेजरच्या 'सिस्टम डिव्हायसेस'मध्ये दिसतो. बिघाड दाखवणारं पिवळं चिन्ह तिथे असेल, तर रिअलटेक कितीही वेळा बसवा, फरक पडणार नाही. त्यामुळे काहीही काढण्याआधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आपल्या नेमक्या मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर उतरवून ठेवा. सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करून देतो म्हणणाऱ्या प्रोग्रामच्या नादी लागू नका. ड्रायव्हर मुळापासून काढणारा 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' हा प्रोग्राम वापरत असाल, तर त्यात ग्राफिक्स आणि ऑडिओ हे प्रकार वेगवेगळे असतात, ते नीट पाहून निवडा.

आवाज येतोय, पण तडतडतोय किंवा मध्येच तुटतोय? हे दुखणं वेगळं आहे. ग्राफिक्स ड्रायव्हर प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त वेळ अडवून ठेवतो, तेवढ्यात ऑडिओचा बफर (पुढच्या काही क्षणांच्या आवाजाचा साठा) रिकामा होतो आणि आवाज फाटतो. 'लेटन्सीमॉन' हे साधन चालवलं की कोणता ड्रायव्हर वेळ खातोय ते कळतं. ग्राफिक्सचं नाव वर दिसलं, तर ऑडिओला हात लावू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले ॲडॅप्टर्स'खाली ग्राफिक्सच्या 'प्रॉपर्टीज' उघडून 'रोल बॅक ड्रायव्हर' वापरा. ते बटण फिकं असेल, तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही असं समजा आणि कंपनीच्या साइटवरून आधीची आवृत्ती घ्या.

पुढच्या अपडेटआधी रिस्टोर पॉइंट बनवा, म्हणजे गडबड झाली तर विंडोज आधीच्या स्थितीत नेता येईल. आणि केबलवरून आवाज कधीच लागत नसेल, तर एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमध्ये 'कस्टम' निवडून 'एचडी ऑडिओ ड्रायव्हर'वरची टिक काढता येते.