माहुलीला जाताय? आधी दोन सालं पाठ करा

ठाण्याहून माहुली गडावर जायचं तर पहाटेची कसारा लोकल पकडा आणि आसनगावला उतरा. तिथून पायथ्याच्या माहुली गावापर्यंत रिक्षा मिळते. पण निघण्याआधी गडाचा इतिहास थोडा तरी वाचून घ्या, नाहीतर वर नुसतं जंगल आणि पडके दगड दिसतात.

दोन सालं लक्षात ठेवा. 1636 : निजामशाही वाचवायला शहाजीराजांनी याच गडाचा आसरा घेतला, मुघल-आदिलशाही फौजांनी वेढा घातला आणि अखेर राजांना शरणागती पत्करावी लागली. 1670 : पुरंदरच्या तहात मुघलांकडे गेलेला हा गड मराठ्यांनी परत घेतला. त्याच वर्षी आधीचा एक हल्ला फसला होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चढताना धाप लागली की रात्रीच्या अंधारात गड चढणारे मावळे आठवतात.

लोखंडी शिडी चढून माथ्यावर पोचलात की बहुतेकजण फोटो काढून परत फिरतात. तसं करू नका. महादरवाजा गाठा. तिथल्या पहारेकऱ्यांच्या देवड्यांत पाच मिनिटं टेका. भर उन्हातही दगड पाठीला गार लागतो. वाचलेलं तिथं बसून मुलांना सांगा.

माहुली, भंडारगड, पळसगड हे गडाचे तिन्ही भाग एका दिवसात करायचा हट्ट नको. माणशी तीन लिटर पाणी घ्या आणि पावसाळ्यात ओल्या शिडीवर एका वेळी एकानंच चढा.