चावीआधी कागद

जुनी गाडी विकताना गिऱ्हाईक म्हणतं, "काका, चावी द्या, नावावर नंतर करून घेतो." देऊ नका. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, तुमचं नाव असेपर्यंत अपघाताची भरपाईही तुमच्याच गळ्यात. सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या निकालात हेच स्पष्ट केलंय.

माझी स्प्लेंडर विकली तेव्हा घेणाऱ्याला घेऊनच मी नाशिकच्या आरटीओत गेलो. विक्रीची खबर देणाऱ्या फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि गाडी नावावर करण्याच्या अर्जाचा फॉर्म 30. या 30 वर गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या चेसिस नंबरचा पेन्सिलने उमटवलेला ठसा लागतो. हँडलखालच्या नळीवरचं ग्रीस चिंधीने पुसा, पातळ कागद घट्ट धरा, पेन्सिल आडवी करून हलकेच घासा. एजंट एवढ्याचेही वेगळे पैसे लावतात! कोऱ्या फॉर्मवर सही मुळीच नको. तारीखसुद्धा आपल्या हाताने टाका.

कर्जाचा बोजा असेल तर आधी बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) नि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35. विमा, पीयूसी चालू हवेत. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर आरटीओला खबर 14 दिवसांत द्यायची. विमा नावावर करायला घेणाऱ्यालाही तेवढीच मुदत.

पोचपावती जपून ठेवा, आणि मालकाचं नाव बदललेलं दिसेपर्यंत सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघत राहा.