नायकाच्या तोडीचा प्रतिनायक कसा घडवावा

नायक किंवा नायिका कशी दिसते, कशी बोलते हे नंतर ठरवा. आधी तिला काय हवंय ते एका वाक्यात लिहा, आणि तेही डोळ्यांपुढे उभं राहील असं. ‘तिला सुख हवंय’ यावर एकही प्रसंग रचता येत नाही. ‘तिला वडिलांचं घर विकू द्यायचं नाही’ यावर पाच-सहा सहज रचता येतात. त्याखाली दुसरं वाक्य लिहा: घर गेलं तर तिचं नेमकं काय जाईल? ही दोन वाक्यं जमेपर्यंत कथा सुरू करू नका.

मग प्रतिनायक. खलनायक हा दुष्टच असतो. प्रतिनायक म्हणजे फक्त नायकाला हवं ते मिळू न देणारा. चोर नायक असेल तर प्रामाणिक पोलीस प्रतिनायक ठरतो. हा फरक डोक्यात पक्का नसला की पात्रं काळी-पांढरी होतात आणि शेवट पहिल्याच पानावर कळतो.

आपल्या कथेत घर विकायला निघालाय तिचा भाऊ. आता तपासा: दोघांनाही हवं ते एकाच वेळी मिळू शकतं का? भावाला नुसते पैसे हवे असतील, तर बहीण कर्ज काढून देईल आणि कथा तिथेच मिटेल. म्हणून ती वाट बंद करा. बहिणीला कर्ज मिळण्यासारखं नाही, आणि भावाच्या डोक्यावरच्या कर्जाची मुदत महिनाभरात संपतेय. घर एकच, आणि माघार दोघांनाही परवडणारी नाही. संघर्ष इथून सुरू होतो.

यानंतरची पायरी बहुतेकजण गाळतात, आणि सगळ्यात जास्त फरक तिनेच पडतो. सगळी हकिगत भावाच्या तोंडून, ‘मी’ वापरून, दोन-तीनशे शब्दांत लिहून काढा. हे पान कथेत जाणार नाही. त्यात ‘मी वाईट आहे’ असं सुचवणारं एकही वाक्य नको. वाचून क्षणभर तरी त्याचंच बरोबर वाटलं पाहिजे. नाही वाटलं तर पुन्हा लिहा.

या पानाचा उपयोग संवादात दिसतो. कच्च्या मसुद्यात भाऊ छद्मी हसून म्हणतो, ‘घर तर मी विकणारच!’ यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी तो भिंतीवरची ओल बोटाने चाचपत म्हणतो, ‘गेल्या पावसाळ्यात छप्पर मी शाकारलं. तू कुठे होतीस?’ बहिणीकडे उत्तर नाही. प्रतिनायकाचं बोलणं खरं असलं की ते नायिकेच्या दुखऱ्या जागी लागतं.

पैसा, माहिती, अधिकार, वेळ यांपैकी निदान एका बाबतीत प्रतिनायक सुरुवातीला वरचढ हवा. छोट्या कथेला तीन चकमकी पुरतात, पण प्रत्येकीनंतर नायिकेची एक वाट बंद व्हावी आणि पुढच्या वेळी तिने वेगळा मार्ग धरावा. तेच भांडण चढ्या आवाजात पुन्हा आलं तर कथा जागची हललेली नाही.

समोर माणूस नसून पूर, आजार किंवा व्यसन असेल, तर त्याचे नियम ठरवा: पाणी तासाला किती चढतं, पूल कधी बुडणार. व्यसनाला एखाद्या माणसाचा चेहरा द्या, प्रेमाने पेला पुढे करणाऱ्या मित्राचा.

शेवटी हमखास दोन चुका होतात. इतका वेळ हुशार असलेला प्रतिनायक नेमका शेवटीच मूर्खपणा करतो, किंवा एखादा योगायोग नायिकेला सोडवतो. योगायोगाने संकट आलं तर वाचक चालवून घेतो, सुटका झाली तर नाही. निर्णय नायिकेचाच हवा आणि त्याची किंमतही तिनेच मोजायला हवी.

मसुदा झाल्यावर दोन रंगांची पेनं घ्या. नायिकेने स्वतः घेतलेले निर्णय एका रंगाने अधोरेखित करा, प्रतिनायकाचे दुसऱ्याने. पानंच्या पानं दुसराच रंग दिसला, तर नायिका नुसती सोसत बसली आहे. ते प्रसंग पुन्हा लिहायला घ्या.