रविवारी फायटर खेळायचाय? मग शनिवारी रात्री एवढं करून ठेव

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांनी खेळायच्या गोष्टीच्या गेममध्ये टेबलावर नवीन माणूस आला की सगळे त्याच्या गळ्यात फायटर, म्हणजे लढवय्याचं पात्र, मारतात, का तर म्हणे सोपा आहे, पुढे जायचं आणि हाणायचं. १९७४ ला हा गेम निघाला तेव्हा क्लासच (पात्रांचे प्रकार) तीन होते, लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक (पुजारी), तेव्हापासून हा गैरसमज चालत आला असणार. मीपण असाच अडकलो होतो. पहिल्याच सेशनला माझ्याकडे झकास ग्रेटसोर्ड (दोन हातांची मोठी तलवार) आणि समोर मँटिकोर नावाचं पंखवालं जनावर, ते वरून उडत उडत शेपटीचे काटे मारतंय आणि मी खाली उभा राहून दगड शोधतोय. तीन राउंड. मध्ये डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) आईने पोहे आणले, तेवढंच काय ते माझ्या हाताला लागलं.

तर सगळ्यात आधी डीएमला एक मेसेज टाक, नियम २०१४ चे की २०२४ चे. हे न विचारता कॅरेक्टर बनवलंस तर अर्धं खोडावं लागेल, कारण २०२४ मध्ये वेपन मास्टरी आलीय, म्हणजे फायटरला पहिल्या लेव्हललाच तीन प्रकारच्या हत्यारांची एकेक खास करामत मिळते, आणि सेकंड विंड, म्हणजे लढता लढता स्वतःचाच थोडा जीव परत भरणं, तेपण एकाऐवजी दोनदा. पुस्तक विकत घ्यायची घाई नको, बेसिक नियम फुकट मिळतात.

मग हत्यार. इथे सगळे मोठ्या तलवारीच्या प्रेमात पडतात, तर जरा हिशोब कर. स्ट्रेंग्थचे (ताकदीचे) +३ धरले तर ग्रेटसोर्डचे दोन डी-सिक्स (सहा बाजूंचे फासे) मिळून सरासरी १० डॅमेज, ग्रेट वेपन फायटिंग स्टाइल (दोन हाती हत्याराची लढायची पद्धत) घेतलीस तर ११ च्या आसपास. आणि एका हातात लाँगसोर्ड, सोबत ड्युएलिंग (एकहाती हत्याराची) स्टाइल, तर साडेनऊ. म्हणजे दीडेक पॉइंटचा फरक, आणि त्या बदल्यात दुसऱ्या हातात ढाल येते, एसी (वार बसायला शत्रूला लागणारा आकडा) सरळ २ ने वर, चेनमेलचे (कड्यांच्या चिलखताचे) १६ धरून १८. पहिल्या लेव्हलला तुझे एचपी (जीव) असणार १२ वगैरे, तिथे तो २ फार मोठा असतो. पुढे पाचव्या लेव्हलला दोन हल्ले मिळायला लागले की मग कर काय मोठ्या तलवारीची हौस करायची ती. (मोठी तलवार दिसायला भारी असते हे मान्य, मीपण तीच घेतली होती, वर बघ काय झालं.)

लांबवर मारायचं काहीतरी हवंच हवं, यावर चर्चा नाही. जॅव्हलिन (फेकायचे भाले) घे, पाच-सहा तरी, ते स्ट्रेंग्थवर चालतात त्यामुळे डेक्स्टेरिटी (चपळाई) कमी असली तरी अडत नाही. ३० फुटांपर्यंत सरळ, त्यापुढे १२० पर्यंत, दोनदा फासा टाकून लहान आकडा धरायचा त्या डिसअ‍ॅडव्हांटेजने. धनुष्य १५० फूट जातं पण त्याला डेक्स लागते, जी चेनमेलवाल्याकडे बहुतेक नसते.

क्षमतांचे आकडे वाटताना १५, १४, १३, १२, १०, ८ असा सेट असेल तर १५ स्ट्रेंग्थला, १४ कॉन्स्टिट्यूशनला (तब्येतीला), आणि १३ विझडमला (शहाणपणाला) दे. हे कोणी सांगत नाही. होल्ड पर्सन नावाचा स्पेल आहे, विझडमचा सेव्ह (बचावाचा फासा) चुकला की तू पुतळा, आणि जवळून बसलेला प्रत्येक वार क्रिटिकल (डॅमेजचे फासे दुप्पट). फायटर मरतो तो तलवारीने कमी आणि असाच जास्त. चेनमेलला स्ट्रेंग्थ १३ तरी लागते, आणि ते घालून लपतछपत जायचं विसर, सगळा खणखणाट असतो, त्यामुळे रोगला (चोरट्या क्लासवाल्याला) पुढे जाऊ दे.

मास्टरीत पाडापाडीवालं हत्यार घेणार असशील, म्हणजे बॅटलअ‍ॅक्स किंवा मॉल (लढाईचा मोठा हातोडा), तर तुमच्यात धनुष्यवालं कोण आहे ते आधी विचार. शत्रू आडवा पडला की जवळच्याला, दोनदा टाकून मोठा आकडा धरायचा तो अ‍ॅडव्हांटेज मिळतो पण लांबून मारणाऱ्याला डिसअ‍ॅडव्हांटेज. आमची रेंजर ताई एकदा तीन राउंड गप्प बसली आणि चौथ्याला म्हणाली, "अरे बाबा, त्याला उभा राहू दे की जरा!"

आता माझी आवडती गोष्ट, कॅरमच्या सोंगट्या. सेकंड विंडच्या दोन पांढऱ्या, आणि दुसऱ्या लेव्हलपासून अ‍ॅक्शन सर्जची (त्याच पाळीत आणखी एक कृती) राणी, कॅरेक्टरच्या शीटच्या डाव्या कोपऱ्यात मांडून ठेवायच्या, वापरली की उजवीकडे सरकवायची. नाहीतर भांडणाच्या नादात माणूस विसरतोच, आणि घरी जाताना ट्रेनमध्ये आठवतं की अरे राणी तशीच पडून होती. राणी शॉर्ट रेस्टनंतर परत येते, आणि शॉर्ट रेस्ट म्हणजे गेममधला फक्त एक तास, पण विझर्डवाल्यांना एकदम झोपायचंच असतं. तेव्हा तो एक तास तूच मागायचा, लाजायचं नाही.

एचपी पेन्सिलनेच लिही. माझ्या पहिल्या शीटला त्या चौकोनात खोडून खोडून आरपार भोक पडलंय, त्यातून खालची लाँगसोर्ड दिसते. हत्याराच्या पुढे टू-हिट (वार बसतो का त्या फाशाची) आणि डॅमेजची बेरीज आधीच करून ठेव, +५, डी-एट अधिक ५, असं. आणि बाजूच्याची पाळी चालू असतानाच ठरव की हलायचं कुठे, मारायचं कोणाला, नाही बसलं तर काय. जादूवाल्यांना स्पेल वाचायला वेळ लागतो, लोक समजून घेतात, फायटरने पाच मिनिटं घेतली तर कोणी समजून घेत नाही.

हत्याराला चेहरा द्यायचा असेल तर एखाद्या दिवशी मुंबईत फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाऊन शस्त्रांचं दालन बघून ये, काचेपलीकडची पाती नीट पाहिली की वर्णन आपोआप सुचतं. माझ्या आत्ताच्या फायटरकडे दांडपट्टा आहे, नियमात ती लाँगसोर्डच, फक्त मूठ कोपरापर्यंत झाकलेली. जॅव्हलिनला मी विटा (मराठ्यांचा भाला) म्हणतो. विट्याला दोरी असते, फेकून ओढून घेता येतो, तर मी डीएमला विचारलं की माझाही येईल का परत, तो म्हणाला, "दोरीचे पैसे दे आणि एक अ‍ॅक्शन घालव." ठीकाय.

पिशवीत सात फाशांचा सेट, त्यात डी-टेन नक्की आहे ना बघ, सेकंड विंडला तोच लागतो. पेन्सिल, खोडरबर, सोंगट्या. खायला काही आणणार असशील तर चकली नको, तेलकट बोटांनी सगळ्यांच्या शीटचं वाटोळं होतं, खाकरा आण. आणि आपण जमतो नाहूरला, पण रविवारी लोकलचा मेगाब्लॉक आहे, माटुंगा-मुलुंड, स्लो गाड्या फास्टवरून जाणार म्हणजे नाहूरला थांबणार नाहीत, तेव्हा सरळ मुलुंडला उतर आणि रिक्षा कर. ११ ला इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम ठरवायचा फासा), उशीर झाला तर तुझा फायटर डीएम चालवतो, आणि तो त्याला नेहमी सगळ्यात पुढे उभा करतो.