मुंबईत आलात, आता दवाखान्याच्या खर्चाचंही बघून घ्या

मी बार्शीहून २००७ ला मुंबईत आले, तेव्हापासून गावाकडनं कुणी नोकरीला आलं की मला फोन येतोच, खोली कुठं बघू, डिपॉझिट किती, पास कुठपर्यंतचा काढू. ते सांगणारे तुम्हाला पन्नास जण भेटतील. मेडिक्लेमचं मात्र कुणी विचारत नाही आणि मग एक दिवस रात्री अकरा वाजता हॉस्पिटलच्या काउंटरवरून फोन, ताई हे ॲडव्हान्स भरा म्हणतायत, काय करू?

पहिली गोष्ट, एचआरने कार्ड हातात दिलं म्हणजे झालं असं समजू नका. ती पॉलिसी कंपनीची आहे, नोकरी गेली की तीपण गेली, आणि बऱ्याच ठिकाणी आईवडील त्यात नसतातच. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापतात का बघा, तुमचे पाऊण टक्का जातात आणि मालकाचे सव्वातीन, तर त्याचं कार्ड नीट करून घ्या, कांदिवलीला आणि मुलुंडला त्यांची हॉस्पिटलं आहेत. पगार त्याच्या वर असेल तर स्वतःची एक पॉलिसी घ्या, आत्ताच, पंचविशीत. वय कमी म्हणून प्रीमियम कमी हे तर आहेच पण खरं कारण वेटिंग पीरियड. आधीपासूनच्या आजाराला कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवू शकते (२०२४ च्या आधी हे चार होतं), ती तीन वर्षं धडधाकट असतानाच उलटून गेलेली बरी. आणि शुगर, बीपी जे असेल ते फॉर्मवर लिहा हो. एजंट म्हणतो राहू द्या, नंतर त्याचा फोन लागत नाही आणि क्लेम तुमचा अडकतो.

आता गाडीत, कँटीनमध्ये विमा म्हटलं की वाद एकच, जीएसटी. आधी १८ टक्के लागायचा, म्हणजे २० हजारांच्या प्रीमियमवर ३,६०० नुसता टॅक्स. जुलै २०२४ ला गडकरींनी सीतारामन बाईंना पत्र लिहिलं, नागपूरच्या एलआयसी कर्मचारी संघटनेच्या निवेदनावरून, की हा कर म्हणजे आयुष्याच्या अनिश्चिततेवरच कर लावल्यासारखं आहे. लगेच ऑगस्टमध्ये विरोधकांनी संसदेबाहेर आंदोलन केलं, अर्थमंत्री म्हणाल्या यातला मोठा वाटा राज्यांनाच जातो. शेवटी २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली पॉलिसीवरचा कर शून्य झाला. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीवर अजून आहे. आमच्या ऑफिसात एक जण म्हणतो सरकारने दिलं, दुसरा म्हणतो आम्ही ओरडलो म्हणून दिलं, डबे गार होतात पण मिटत नाही. मला दोघांचंही पटतं थोडंथोडं, पण कर काढला तेव्हा विमा कंपन्यांना स्वतःच्या खर्चावर भरलेल्या कराची वजावट मिळायची तीपण बंद झाली, मग तो भार एजंटच्या कमिशनवर टाकायचा नाहीतर हळूच मूळ प्रीमियमवर. आणि हॉस्पिटलच्या रेटचं काय? २०२१ पासून महाराष्ट्रात नर्सिंग होमने दरपत्रक लावायचं असा नियम आहे, लावलेलं असेल तर वाचा जरूर, पण तो दर किती असावा हे बघणारं कुणी नाही. भांडायचंच असेल तर त्यावर भांडा की.

माझंच सांगते. २०२२ मध्ये वडलांना मुंबईत आणून ऑपरेशन केलं, त्यांची तीन लाखांची पॉलिसी होती, म्हटलं टेन्शन नाही. त्यात रूम रेंटला विम्याच्या रकमेच्या एक टक्क्याची मर्यादा, म्हणजे दिवसाला ३ हजार, ही ओळ मी वाचलेलीच नव्हती. वडील थकलेले, रात्री झोप लागावी म्हणून ७ हजारांची सिंगल रूम घेतली. बिल झालं २ लाख ४० हजार. मला वाटलं रूमचे वरचे चार-चार हजार आपण भरू, पण तसं नसतं. रूम महाग घेतली की डॉक्टरची फी, ओटीचा चार्ज सगळं त्याच प्रमाणात कापतात. औषधं, तपासण्या वगैरेचे १ लाख पूर्ण मिळाले, उरलेल्या १ लाख ४० हजारांतले फक्त ६० हजार. ८० हजार मी खिशातून भरले, त्यातले निम्मे भिशीतनं उचलून. म्हणून पॉलिसी घेताना प्रीमियमच्या आधी रूम रेंटची ओळ वाचा, लिमिट नसलेली मिळाली तर थोडी महाग पडली तरी घ्या.

आणि हो, झोन, म्हणजे पत्त्याप्रमाणे ठरणारा प्रीमियम. मुंबईचा प्रीमियम जास्त असतो म्हणून एजंट सांगेल गावाचा पत्ता टाका, स्वस्तात पडेल. स्वस्तात पडतं खरं, पण काही पॉलिसींमध्ये मग मुंबईत ॲडमिट झालात की बिलाचा एक हिस्सा तुमच्या गळ्यात येतो. राहता कुठं, आजारी कुठं पडणार ते बघून पत्ता टाका.

सरकारी योजनेला नाक मुरडू नका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता उपचाराला सगळ्या रेशनकार्डांना वर्षाला पाच लाखांपर्यंत मिळतं, पांढऱ्या कार्डालासुद्धा, म्हणून गावाहून येताना रेशनकार्डाची कॉपी घेऊन या. मोठी कॉर्पोरेट हॉस्पिटलं यादीत सहसा नसतात, त्यामुळे ॲडमिट होण्याआधीच तिथल्या आरोग्यमित्राला (हॉस्पिटलात योजनेचं काम बघणारा माणूस) विचारायचं, नंतर नाही. आईवडील सत्तरीपुढचे असतील तर आधारवर सरकारी मोफत उपचाराचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, त्याला उत्पन्नाची अट नाही. साठीपुढच्यांच्या खाजगी पॉलिसीचा प्रीमियमसुद्धा जानेवारी २०२५ पासून एका वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआयला, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाला, विचारावं लागतं, तेव्हा त्याहून मोठी उडी दिसली तर गप्प भरू नका. आणि धर्मादाय हॉस्पिटलमध्ये दहा टक्के बेड निर्धनांना फुकट, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवावेच लागतात, पण त्याला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो ऐनवेळी गावाहून आणायला किती दिवस जातात ते तुम्हाला मी सांगायला नको. केईएम, सायन, नायर ही महापालिकेची हॉस्पिटलं तर आहेतच, रांगेची तयारी ठेवून जायचं.

कॅशलेसचा, म्हणजे बिल कंपनीने थेट हॉस्पिटलला भरण्याचा, अर्ज गेल्यावर विमा कंपनीने तासाभरात उत्तर द्यायचं आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत, हा २०२४ चा नियम आहे, काउंटरवर आवाज न चढवता नुसता बोलून दाखवा, फरक पडतो. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात दाद नाही लागली तर सांताक्रूझ पश्चिमेला विमा लोकपालाचं ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही.

पॉलिसी पोर्ट करायची, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे न्यायची असेल तर रिन्यूअलच्या ४५ दिवस आधी अर्ज टाकावा लागतो. माझ्या वडलांची पॉलिसी मार्चमध्ये संपते, मी जानेवारीतच कागद काढून ठेवलेत, यावेळी चष्मा लावून एकेक ओळ वाचतेय.