जुना पिकअप ट्रक मनाजोगता कसा बांधावा : कुमारवयीन हौशी कारागिरासाठी कामाचा क्रम

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने जुना पिकअप ट्रक घेऊन तो आपल्या मनाप्रमाणे बांधायचा ठरवला, की घरातल्या मोठ्यांना पहिली धास्ती वाटते ती इंजिनाची. प्रत्यक्षात असे काम इंजिनापाशी क्वचितच अडते. ते अडते पहिल्याच महिन्यात सगळी गाडी खोलून टाकल्यामुळे. उत्साहाच्या भरात केबिन, हौदा, दारे आणि वायरिंग सुटे होते, नटबोल्ट एकाच डब्यात पडतात, आणि कोणता तुकडा कुठला हे आठवेनासे झाले की चाके नसलेली चासी कोपऱ्यात धूळ खात पडते. म्हणून या लेखाचा सारा भर क्रमावर आहे. गाडी आधी थांबवता आली पाहिजे, मग वळवता, मग चालवता. तिला देखणी करण्याचे काम सर्वांत शेवटी येते. एका वेळी एकच व्यवस्था खोलावी आणि ती पुन्हा जागेवर बसेपर्यंत दुसरीला हात लावू नये.

गाडी निवडताना

नवशिक्यासाठी पिकअप सोयीचा असतो, कारण त्याची रचना उघड आहे. खाली शिडीसारखी चासी असते आणि तिच्यावर पुढचा भाग, केबिन आणि हौदा असे तीन तुकडे वेगवेगळे बोल्टने बसवलेले असतात. हौदा काढला तरी केबिन जागेवर राहते, आणि बॉनेट व मडगार्ड उतरवले की इंजिनाभोवती उभे राहून काम करता येते.

अमेरिकेत या छंदासाठी सर्वाधिक पसंती मिळते ती शेव्हरोले सी-१० आणि फोर्ड एफ-१०० या गाड्यांना. सी-१० हे नाव 1960 ते 1986 या काळातल्या अर्ध्या टनी (म्हणजे हलक्या वर्गातल्या) पिकअपला होते, तर एफ-१०० 1953 ते 1983 या काळात विकली गेली. दोन्हींचे नव्याने बनवलेले सुटे भाग, अगदी केबिनच्या तळाच्या पत्र्यापर्यंत, आजही मिळतात. पहिल्या कामासाठी माझी निवड 1967 ते 1972 मधली किंवा त्यानंतरची चौकोनी ठेवणीची सी-१० असेल. 1971 पासून या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक कारखान्यातूनच आले, त्यामुळे निम्मी डोकेदुखी आपोआप वाचते. 1950 च्या सुमाराच्या गोलाकार गाड्या दिसायला अधिक सुंदर असतात हे खरे, पण 6 व्होल्टची वीज, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि पुढचा अखंड ॲक्सल यांमुळे त्यांच्यात बदल करावे लागतात ते कितीतरी जास्त.

गाडी पाहायला जाताना सोबत लहान लोहचुंबक, टॉर्च आणि जुने कपडे न्यावेत. फडक्यात गुंडाळलेले चुंबक केबिनचे मागचे खालचे कोपरे, दारांखालच्या पट्ट्या, पुढच्या काचेखालचे कोपरे आणि दारांच्या तळाच्या कडा यांवर फिरवावे. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली पत्रा नसून पुट्टी भरलेली आहे असे समजावे. मग खाली झोपून चासी आणि केबिन जिथे चासीवर टेकते ते आधार पाहावेत. पत्रा सडला तर बदलता येतो; वाकलेली किंवा तडा गेलेली चासी मात्र नवशिक्याने घेऊच नये. झगझगीत रंगाच्या गाडीपेक्षा रंग उडालेली पण सुका, खरा पत्रा असलेली गाडी केव्हाही बरी. शेवटी गाडीवरचा चासी क्रमांक कागदपत्रांशी अंक न् अंक ताडून पाहावा. अल्पवयीन व्यक्तीच्या नावावर मालकी आणि विमा मिळण्याचे नियम प्रत्येक राज्यात निराळे आहेत, म्हणून सौदा पक्का करण्याआधी पालकांनी ती चौकशी करावी.

आधी कागदावर

मनाजोगती गाडी म्हणजे काय, हे पाना हातात घेण्याआधी एका पानावर लिहून काढावे. गाडी किती खाली बसवायची, चाके किती मोठी आणि इंजिन कोणते, हे तीन निर्णय एकमेकांत अडकलेले असतात. मोठे डिस्क ब्रेक बसवले तर जुन्या 15 इंची रिममध्ये ते मावतीलच असे नाही. मागून गाडी फार खाली आणली तर खड्ड्यात ॲक्सल चासीवर आदळतो, आणि ते टाळायला चासीला कमानीसारखी खाच देऊन तिथे जाड पत्र्याचा आधार वेल्ड करावा लागतो. हे काम अनुभवी वेल्डरचेच. म्हणून रिम आधी विकत घेण्याचा मोह आवरावा. ती सर्वांत आकर्षक खरेदी असते आणि बहुतेक वेळा चुकीच्या मापाची निघते.

ठरवलेल्या रकमेपैकी साधारण तिसरा हिस्सा बाजूला ठेवावा, कारण गंजाचा खरा पसारा गाडी उघडल्यावरच कळतो. वेळेचाही असाच विचार करावा. शाळा सांभाळून एका शनिवार-रविवारात पुरे होईल एवढेच काम हाती घ्यावे. खोललेल्या प्रत्येक जोडाचे खोलण्याआधी छायाचित्र काढावे, त्याचे बोल्ट वेगळ्या पिशवीत भरून तिच्यावर नाव लिहावे आणि रोज काय केले ते वहीत नोंदवावे.

गाडीखाली जाण्याआधी

जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. गाडी टेकवायची ती सिमेंटच्या सपाट जमिनीवर ठेवलेल्या भक्कम स्टँडवर. विटा किंवा पोकळ सिमेंटचे ठोकळे अचानक फुटतात, ते कधीही वापरू नयेत. स्टँडवर टेकवल्यावर गाडी हाताने हलवून पाहावी आणि मगच खाली जावे. एकट्याने गाडीखाली काम करू नये. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस आणि जुन्या रंगात शिसे असू शकते. त्यामुळे ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, आणि रंग कोरडा घासू नये. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग केल्यास त्यातून फॉस्जिन नावाचा विषारी वायू तयार होतो, ही गोष्ट पुष्कळ मोठ्या कारागिरांनाही ठाऊक नसते.

ब्रेक

इथे घाई करू नये आणि काटकसरही करू नये. 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक गाड्यांत मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर नळ्यांतून चाकांकडे ब्रेक तेल ढकलणारा सिलिंडर) एकेरी असे. म्हणजे एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. अशा गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांना स्वतंत्र दाब देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवणे हा पहिला बदल असावा. त्यानंतर रबरी होज बाहेरून कशाही दिसत असल्या तरी सगळ्या बदलाव्यात, कारण जुना होज आतून फुगतो आणि पेडल सोडल्यावरही चाक धरून ठेवतो. लोखंडी नळ्या गंजलेल्या असतील तर त्याही बदलाव्यात. नळीचे तोंड दुहेरी दुमडलेलेच हवे आणि साधी तांब्याची नळी किंवा दाबून बसवायचे जोड ब्रेकसाठी वापरू नयेत.

ड्रम खोलताना एका बाजूचे काम पूर्ण झाल्यावरच दुसरी बाजू उघडावी. स्प्रिंगा कुठे आणि कोणत्या दिशेने अडकवायच्या हे आठवत नसेल, तर न उघडलेली बाजू नमुन्यासाठी समोर असते. व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीखाली ओल दिसली तर तो सिलिंडर गळतो आहे. डिस्क ब्रेक नव्याने बसवत असाल आणि मास्टर सिलिंडर केबिनच्या तळाखाली असेल, तर एक बारीक मुद्दा लक्षात घ्यावा : तो पुढच्या कॅलिपरच्या (डिस्कला पकडणाऱ्या चिमट्याच्या) पातळीपेक्षा खाली असल्यास तेल उलटे परत येते आणि पहिल्या दाबाला पेडल पोकळ लागते. त्यासाठी डिस्कच्या नळीत 2 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब रोखून धरणारा छोटा व्हॉल्व्ह घालतात.

मग ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढावी. सर्वसाधारण पद्धत अशी की मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्या चाकापर्यंत यावे. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल (चाकाजवळचा हवा सोडण्याचा लहान स्क्रू) सैल करून बुडबुडे जाऊ द्यावेत, आणि पेडल सोडण्याआधी निपल बंद करावे. भांड्यातले तेल मधेच संपू देऊ नये. साधे ब्रेक तेल रंग खाते, म्हणून सांडल्याबरोबर पाण्याने धुवावे.

स्टेअरिंग आणि सस्पेन्शन

पुढची चाके जमिनीपासून उचलून एकेक चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून पाहिले की बेअरिंग, बॉल जॉइंट आणि टाय रॉड या जोडांमधला खेळ, म्हणजे सैलपणा, हाताला कळतो. स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून खेळ घालवण्याचा जो झटपट उपाय सांगितला जातो तो टाळावा. आधी झिजलेले जोड बदलावेत, कारण अती आवळलेला बॉक्स वळणावरून परत येत नाही.

शेव्हरोलेच्या हलक्या पिकअपना 1963 पासून पुढे कॉइल स्प्रिंग आहेत. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये हाडे मोडण्याइतका जोर साठलेला असतो, म्हणून हे काम जाणत्या मोठ्या माणसाच्या उपस्थितीत आणि योग्य अवजारानेच करावे. गाडी खाली आणण्यासाठी स्प्रिंगा कापू नयेत. चाकाचा खुंट वर सरकवलेले स्पिंडल मिळतात. त्यांनी स्प्रिंगची हालचाल जवळजवळ तशीच ठेवून गाडी साधारण अडीच इंच खाली येते. नंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावेच लागते.

इंजिन

वर्षानुवर्षे उभ्या गाडीला बॅटरी जोडून थेट स्टार्टर मारणे ही सर्वांत महागडी चूक आहे. आधी सगळे प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून एक-दोन दिवस थांबावे आणि मग क्रँकच्या बोल्टला लांब पाना लावून इंजिन हाताने फिरवावे. ते मोकळे फिरले तर इंजिन ऑइल बदलून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजावे. सर्वांत कमी दाबाच्या सिलिंडरचा आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या पाऊण भागापेक्षा खाली नसावा. जुन्या टाकीतले पेट्रोल नासलेले असते. ते कार्बोरेटरपर्यंत पोचू देऊ नये. 1967 ते 1972 च्या शेव्हरोलेत पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटच्या मागेच असते. ती मागे चासीच्या दोन दांड्यांमध्ये हलवणे हा दिसण्यात न येणारा, पण माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा बदल आहे.

आठ सिलिंडरच्या इंजिनाचे आकर्षण मी समजू शकतो. शेव्हरोलेने आपले छोटे व्ही-८ इंजिन 1955 मध्ये आणले आणि तेव्हापासून ते या छंदाचा कणा झाले आहे. तरीही गाडीत मूळचे सहा सिलिंडरचे इंजिन धड असेल, तर पहिली दोन वर्षे तेच ठेवावे. त्याभोवती हात घालायला जागा भरपूर असते आणि नव्या चालकाला लागते त्याहून अधिक ताकद त्याच्यात आहे.

वायरिंग

जुन्या तारांचे आवरण हाताने वाकवल्यावर तडकत असेल, तर जोडकाम करत न बसता नवे तयार हार्नेस (तारांचा एकत्र बांधलेला संच) घ्यावे. प्रत्येक कामाच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. बॅटरीतून निघणाऱ्या तारेला फ्यूज जितका बॅटरीजवळ बसेल तितका बरा, आणि पत्र्यातल्या छिद्रातून जाणाऱ्या प्रत्येक तारेला रबरी कडे हवेच. दिवे मिणमिणत असतील तर बहुधा दोष अर्थिंगचा असतो; इंजिन, चासी आणि केबिन ही तिन्ही रंग खरवडून जाड तारेने एकमेकांना जोडावीत.

पत्रा आणि रंग

सडलेला भाग कापून नवा तुकडा वेल्ड करावा. गंजावर पुट्टी लावली तर वर्ष-दोन वर्षांत फुगवटा येतो. केबिनचा खालचा पत्रा कापण्याआधी आतून तात्पुरत्या लोखंडी दांड्यांचा आधार द्यावा, नाहीतर दाराची चौकट सरकते आणि दार कधीच नीट लागत नाही. घासकाम, प्रायमर आणि हौद्याच्या तळाच्या लाकडी फळ्या ही कामे घरी उत्तम होतात. शेवटचा टू-पॅक (दोन घटक मिसळून मारायचा) रंग मात्र व्यावसायिक बूथमध्ये मारून घ्यावा, कारण त्याच्या फवाऱ्यातले आयसोसायनेट साध्या मास्कने अडत नाही आणि फुप्फुसांना कायमची इजा करू शकते.

रस्त्यावर

पहिली चाचणी वाहतूक नसलेल्या मोकळ्या जागेत, ताशी 10-15 किलोमीटरच्या वेगात आणि फक्त ब्रेकची घ्यावी. ब्रेक सरळ रेषेत लागत असतील तरच पुढे जावे. परत आल्यावर दिवा घेऊन खाली पाहावे : पूर्ण वळवलेल्या चाकाला होज घासतो का, जोडांवर तेलाची ओल आहे का, सायलेन्सरजवळून एखादी तार जाते का. रस्त्यावर चालवण्याआधी अनुभवी मेकॅनिककडून ब्रेक आणि स्टेअरिंग तपासून घ्यावे. चाकांचे नट टॉर्क पान्याने समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि साधारण 80 ते 100 किलोमीटर झाल्यावर, चाके गार असताना, पुन्हा एकदा तपासून त्याची तारीख वहीत लिहावी.