निकालाचा केक आदल्या रात्री भाजा

बोर्ड दहावी-बारावीच्या निकालाची तारीख जाहीर करतं, त्याच संध्याकाळी आमच्या घरी रवा भिजत पडतो. निकाल लागल्यावर नव्हे, आधी. तारखेचा तसा काही नेम नसतो. 2024 मध्ये बारावीचा निकाल 21 मे रोजी आणि दहावीचा 27 मे रोजी लागला, तर 2025 मध्ये तेच 5 आणि 13 मे झालं. वेळ मात्र बहुतेक दुपारी एकची. एक वाजता साइट उघडत नाही, मुलाला स्वतःचा सीट नंबर आठवत नाही, मामा-मावश्यांचे फोन सुरू होतात. त्या गडबडीत ओव्हनसमोर कोण उभं राहणार?

दुसरं कारण रव्याचं. ताजा रवा केक भुरभुरतो. रात्रभर मुरला की सुरीखाली नीट कापला जातो. आणि तिसरं कारण माझ्या नोकरीतलं. ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी केली, निकालाच्या दिवशी खिडकीपलीकडे उभी असलेली मुलं पाहिली. आधी भाजलेल्या केकला टक्के ठाऊक नसतात. 91 आले तरी तोच केक, 47 आले तरी तोच. म्हणून वर आकडे लिहायचे नाहीत. हौस असेल तर नाव लिहा. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची केटी (नापास होऊन राहिलेला पेपर) सुटली, तरी केक व्हायलाच हवा. उलट त्या मुलाने एकच पेपर जास्त वेळा दिलेला असतो.

क्रीमचा केक मे महिन्यात नको. मुंबईची हवा तेव्हा नुसती चिकट असते, आणि निकालाचा केक एका टेबलावर थोडाच राहतो? तो गिरगावातल्या चाळीत गॅलरीतून दारोदार फिरतो. तिसऱ्या दारापर्यंत क्रीम खाली बसतं. हातात धरून खाता येईल असा कोरडा, चौकोनी तुकड्यांचा केकच बरा. शेजारी जैन कुटुंब असेल तर अंडं नको, सजावटीला जिलेटिनची जेलीही नको.

आता सामान. 8 इंची चौकोनी टिनसाठी 350 ग्रॅम बारीक रवा, 200 ग्रॅम साखर, 200 ग्रॅम दही, 250 ग्रॅम आंब्याचा रस, 100 ग्रॅम पातळ केलेलं तूप, लागेल तसं दूध, चिमूटभर मीठ आणि वेलची. हापूस तेव्हा उतरणीला लागलेला असतो. डाग पडलेली, जास्त पिकलेली फळं रसाला उत्तम. पायरी मिळाली तर फारच छान. डब्यातला रस वापरलात तर त्यात साखर असतेच, आपली साखर 50 ग्रॅमने कमी करा. रसात धागे असतील तर गाळून घ्या.

दही, साखर, रस आणि तूप एकत्र घोटा, साखर विरघळली की रवा घाला आणि झाकून अर्धा-पाऊण तास ठेवा. इथे घाई करू नका. रवा ओल पिऊन फुगतो, मिश्रण घट्ट होतं. मग थोडं थोडं दूध घालून ते इडलीच्या पिठाइतकं सैल करा. दीड चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा अगदी शेवटी, टिन तयार असताना. चमचा मापाचा घ्या, पोहे खायचा नको. सोडा घालून फोनवर बोलत बसलात तर फुगायचं ते भांड्यातच फुगून जाईल. टिनला तूप आणि तळाला बटर पेपर लावा, वर काजूचे काप पसरा. 170 अंशांवर 45 ते 50 मिनिटं. मधोमध सुरीचं टोक खुपसून बघा, कोरडं आलं की झालं. वरून लवकर रंग आला तर फॉइल झाका.

जुन्या इमारतीत राहत असाल तर ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन, लावण्याआधी प्लग बघा. साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटला दीड हजार वॅटचा ओटीजी झेपत नाही, 16 अँपिअरचा पॉवर प्लगच लागतो. गीझर आणि इस्त्री तेवढा वेळ बंद ठेवा. निकालाच्या आदल्या रात्री चाळीचा फ्यूज उडवून कोणाचे आशीर्वाद मिळत नाहीत.

ओव्हन नसला तरी अडत नाही. आमच्या मालवणकडे काकडीचं धोंडस, म्हणजे काकडीचा गावठी केक, होतं ते खाली निखारे, झाकणावर निखारे ठेवूनच. तिथे ओव्हन कोणाकडे होता? गॅसवर करायचं तर जाड बुडाच्या, जुन्या मोठ्या पातेल्यात इंचभर मीठ पसरा, त्यावर स्टँड ठेवा, झाकण लावून दहा मिनिटं तापवा, मग टिन आत ठेवून बारीक आचेवर तासभर. कुकर वापरणार असाल तर शिट्टी आणि रबरी रिंग दोन्ही काढायचीच. नॉनस्टिक भांडं कोरडं तापवू नका. वरचा भाग फिकट राहील, ते चालतं. तुकडे उलटे ठेवून वाढा.

केक पूर्ण गार होऊ द्या, मग जाळीदार झाकणाखाली रात्रभर बाहेरच ठेवा. फ्रिजमध्ये तूप थिजून तो दगड होतो. सकाळी आडवे-उभे तीन-तीन काप दिले की दोन इंचांचे 16 तुकडे निघतात. मजल्यावर घरं जास्त असतील तर दोन टिन करा, पण प्रमाण दुप्पट करून एकाच खोल भांड्यात ओतू नका, मधे कच्चा राहतो.

वाटण्याची रीत मी बदलत नाही. देवापुढे पेढेच. पाव किलो आणा, त्यातूनच घरातल्या आणि मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना द्या. निकालाला केक आणला म्हणून त्यांनी नाक मुरडलं तर आपणच वाकून नमस्कार करावा आणि पेढा पुढे करावा. बाकी दारांवर केक. ताटली घेऊन पोराला स्वतःला पाठवा, आईने जाऊ नये. नमस्कार करून तोंडाने निकाल सांगायची सवय लागते आणि खिशात दहा-वीस रुपयेही येतात. निकाल संकष्टीला आला तर उपासवाल्या घरचे तुकडे डब्यात बाजूला काढा, चंद्रोदयानंतर द्या. ज्या घरातला मुलगा नापास झालाय तिथे ताटली मुलाबरोबर नको, मोठ्या माणसाने जावं, आणि तुकडे दोन जास्त ठेवावेत.

पदवीचं गणित वेगळं. मुंबई विद्यापीठाचा पदवीदान समारंभ फोर्टला, राजाबाई टॉवरच्या आवारातल्या सर कावसजी जहांगीर सभागृहात होतो, आणि तो अलीकडे जानेवारीच्या सुमारास असतो. निकाल लागून कित्येक महिने झालेले असतात, पेढे केव्हाच संपलेले. हवा कोरडी असल्याने तेव्हा क्रीमची हौस भागवता येते, पण केक लोकलने न्यायचा असेल तर पुन्हा सुकाच करा. कागदी वाट्यांत मावा केक भाजा: वरच्याच पद्धतीने, फक्त रव्याऐवजी मैदा, आंब्याच्या रसाऐवजी 150 ग्रॅम किसलेला मावा आणि सैल करायला दूध. मैदा भिजवत ठेवायचा नाही, लगेच भाजायचा. वाट्या 20-25 मिनिटांत होतात. डबा उभट नको, पसरट घ्या, वाट्या एकमेकींना चिकटून बसतील असा. गाडीत तो रॅकवर चढवू नका, मांडीवर धरा. गाऊन घालून फोटो झाले की तिथेच ओव्हल मैदानाच्या कठड्याशी उघडा, मित्रांना आधी द्या, कारण घरच्यांसाठी वेगळा डबा असतोच.